विश्लेषण : आग विझवणारा फोम जमिनीत मुरला; सफाईचे पैसे कोण देणार?

पेट्रोल, डिझेल किंवा विमानाच्या इंधनाला लागलेली आग पाण्याने विझत नाही. तिथे अग्निशमन दलाला फोम लागतो. गेली पाच दशके जगभरातील विमानतळ, लष्करी तळ, तेल शुद्धीकरण कारखाने आणि बंदरांवर हा फोम वापरला गेला. आग विझली, फेस ओसरला, पण त्यातील ‘पीफास’ नावाची रसायने जमिनीत मुरली आणि भूजलात उतरली. ती नैसर्गिकरीत्या जवळपास विघटित होत नाहीत.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आता या पाण्याच्या आणि जमिनीच्या सफाईचा हिशेब अब्जावधी डॉलरमध्ये मांडला जात आहे. त्यातला मोठा वाटा सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशातून जात आहे. हा निधी कुठून येतो, नेमका कशावर खर्च होतो आणि भारताने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

क्लोव्हिसच्या गोठ्यात काय घडले?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात क्लोव्हिस शहराजवळ कॅनन हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे अनेक वर्षे इंधन पेटवून फोमने आग विझवण्याचा सराव होत असे. २०१८ मध्ये हवाई दलाने शेजारच्या एका दुग्ध व्यावसायिकाला कळवले, की त्याच्या विहिरींच्या पाण्यात पीफास सापडले आहे. तेच पाणी गायी पीत होत्या आणि त्याच पाण्यावर चारा पिकत होता. दुधातही ही रसायने आढळली. दूध विकता येईना आणि गायीही विकता येईनात. अखेर साडेतीन हजारांहून अधिक गायी मारून टाकाव्या लागल्या.

या शेतकऱ्याने फोम कधी विकत घेतला नव्हता, की वापरला नव्हता. नुकसानीसाठी त्याला अमेरिकी कृषी खात्याच्या दूध भरपाई योजनेकडे जावे लागले. ही योजना मुळात ओतून द्याव्या लागलेल्या दुधासाठी होती. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून दीर्घकाळ विकता न येणाऱ्या बाधित गायींचाही त्यात समावेश करण्यात आला. म्हणजे प्रदूषण संरक्षण खात्याच्या तळावरून झाले आणि भरपाईची तरतूद कृषी खात्याच्या योजनेत झाली. खाते कोणतेही असो, पैसा करदात्यांचाच होता. न्यू मेक्सिको राज्याने २०१९ मध्ये हवाई दलाविरोधात दावा दाखल केला. त्या दाव्यात राज्य आणि केंद्र या दोन्ही बाजूंचा वकिलांवरचा खर्चही जनतेच्याच पैशातून होतो.

फोममध्ये असे काय असते?

पाणी इंधनापेक्षा जड असल्याने पेटत्या पेट्रोलवर मारले तर खाली जाते आणि पेट्रोल वर तरंगत जळत राहते. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदल आणि थ्रीएम कंपनीने यावर उपाय शोधला. फ्लोरिनयुक्त रसायने घातलेला हा फोम इंधनावर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा पसरवतो. त्यामुळे इंधनाची वाफ वर येत नाही, हवेशी तिचा संबंध तुटतो आणि आग काही सेकंदांत दबते. तांत्रिक भाषेत त्याला ‘ॲक्वियस फिल्म फॉर्मिंग फोम’ म्हणतात. पिंपातले मूळ द्रावण साधारण ३ किंवा ६ टक्के या प्रमाणात पाण्यात मिसळून तो मारला जातो.

या फोमची गरज खरी होती. २९ जुलै १९६७ रोजी ‘यूएसएस फॉरेस्टल’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावर लागलेल्या आगीत १३४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकी सैन्यदलांत या फोमचा वापर वाढत गेला. त्याने असंख्य जीव वाचवले असणार, यात शंका नाही.

अडचण त्यातल्या पीफासची आहे. पीफास हे हजारो कृत्रिम रसायनांच्या गटाचे नाव. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध रसायनशास्त्रातील सर्वांत मजबूत बंधांपैकी एक आहे. तो ऊन, पाऊस किंवा जिवाणू यांना सहजी तुटत नाही. फोमच्या संदर्भात पीएफओएस, पीएफओए आणि पीएफएचएक्सएस ही तीन नावे वारंवार येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, तर पीएफओएसला ‘संभाव्य’ गटात. लसीला मिळणारा कमी प्रतिसाद, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि अर्भकांची कमी वाढ यांच्याशीही पीफासचा संबंध आढळला आहे.

इतक्या सूक्ष्म मात्रेसाठी इतका खर्च का?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ‘ईपीए’ने, एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि पीएफओएस या प्रत्येकाची मर्यादा प्रति लिटर ४ नॅनोग्रॅम ठरवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. सुमारे २५ लाख लिटरच्या ऑलिम्पिक जलतरण तलावात एकूण १० मिलिग्रॅम पीएफओएस असेल, तर ते पाणी या मर्यादेवर पोहोचते.

हाच हिशेब उलट बाजूने केला तर एक ग्रॅम पीएफओएस २५ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. दहा हजार लिटरचे २५ हजार टँकर होतील इतके ते पाणी. सरावाच्या मैदानावर दर आठवड्याला, वर्षानुवर्षे फोम मारला गेला असेल तर भूजलाचे काय होईल, याची कल्पना यावरून येते.

शिवाय भूजल एका जागी थांबत नाही. प्रदूषित पाण्याचा पट्टा तळाच्या कुंपणाखालून पुढे सरकतो आणि गावातल्या विहिरींपर्यंत पोहोचतो. माती मात्र पीफास धरून ठेवते आणि प्रत्येक पावसात थोडे थोडे खाली सोडत राहते. म्हणून एकदा पाणी उपसून गाळले की काम संपले, असे होत नाही. उपसा आणि गाळप काही दशके चालवावे लागते.

‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व इथे का अडते?

पर्यावरण कायद्यांचा पाया असलेले हे तत्त्व भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे. फोमच्या बाबतीत मात्र पहिलाच प्रश्न पडतो, की प्रदूषण करणारा कोण?

फोम कंपन्यांनी बनवला. पण तो कसा असावा याचे मानक अमेरिकी लष्कराने १९६९ मध्ये ठरवले. वापरला सैन्याने. नागरी विमानतळांवर तर याच लष्करी मानकाचा फोम ठेवणे विमान वाहतूक नियामकाच्या नियमांनुसार बंधनकारक होते. २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने ही सक्ती काढण्याचा आदेश दिला. म्हणजे एखाद्या महापालिकेच्या विमानतळाने नियम पाळला म्हणूनच त्याच्या आवारातील भूजल बिघडले.

कंपन्यांनी न्यायालयात हाच मुद्दा मांडला. ‘सरकारने सांगितले तसे बनवले, मग जबाबदारी आमची कशी?’ असा हा बचाव आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील संघीय न्यायाधीश रिचर्ड गर्गेल यांनी या बचावाच्या आधारे थ्रीएमला खटल्यातून मोकळे करण्यास नकार दिला. त्यानंतर तडजोडींचा मार्ग खुला झाला.

दुसरीकडे एप्रिल २०२४ मध्ये ईपीएने पीएफओए आणि पीएफओएस यांना ‘सुपरफंड’ कायद्याखाली घातक पदार्थ ठरवले. या कायद्यानुसार प्रदूषणाला हातभार लावणाऱ्या कुणाकडूनही सफाईचा खर्च वसूल करता येतो. त्यात स्थानिक अग्निशमन दलेही सापडली असती. म्हणून ईपीएने त्याच वेळी स्पष्ट केले, की पाणीपुरवठा संस्था, सार्वजनिक विमानतळ, स्थानिक अग्निशमन दले आणि शेतकरी यांच्या मागे संस्था लागणार नाही. हे धोरण आहे, कायद्यातील सूट नाही. तिसऱ्या कुणी दावा केला तर या संस्थांना न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

अमेरिकेत सार्वजनिक पैसा कुठून येतो?

ढोबळमानाने तीन खिसे आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत.

पहिला, २०२१ चा पायाभूत सुविधा कायदा. त्यात पीफास आणि तत्सम नव्या प्रदूषकांसाठी १० अब्ज डॉलर, म्हणजे साधारण ८५ ते ९० हजार कोटी रुपये ठेवण्यात आले. त्यापैकी ५ अब्ज लहान आणि दुर्बल वस्त्यांसाठी अनुदान, ४ अब्ज राज्यांच्या पेयजल निधीतून आणि १ अब्ज सांडपाण्याच्या कामांसाठी. हा पैसा पाच वर्षांत विभागून द्यायचा आहे.

दुसरा, संरक्षण खात्याचे वार्षिक अंदाजपत्रक. लष्करी तळांची सफाई सुपरफंडच्या निधीतून होत नाही. ती संरक्षण खात्याच्या पर्यावरण पुनर्स्थापना खात्यातून, दरवर्षी संसदेने मंजूर केलेल्या रकमेतून होते. पीफासची तपासणी करायच्या लष्करी ठिकाणांची संख्या ७०० च्या वर आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेच्या २०२५ मधील अहवालानुसार यापुढचा तपास आणि सफाईचा अंदाजित खर्च ९.३ अब्ज डॉलरहून अधिक आहे. २०२२ नंतर हा अंदाज तिपटीहून जास्त वाढला. बरीच ठिकाणे अजून तपासाच्याच टप्प्यात असल्याने हा आकडा इथेच थांबेल असे मानायला आधार नाही.

तिसरा, खुद्द सुपरफंड. १९८० मध्ये ‘लव्ह कॅनॉल’ प्रकरणानंतर हा कायदा झाला, तेव्हा रसायन आणि तेल उद्योगावर खास कर लावून त्यातून निधी उभारला जात असे. १९९५ मध्ये हे कर संपले आणि भार सर्वसामान्य करदात्यांवर सरकला. रसायनांवरील कर जुलै २०२२ पासून आणि तेलावरील कर जानेवारी २०२३ पासून पुन्हा सुरू झाला. सव्वीस-सत्तावीस वर्षांची ही पोकळी सरकारी पैशाने भरून काढावी लागली.

मर्यादा बदलली की बिल का बदलते?

हा मुद्दा कागदावर तांत्रिक वाटतो, पण तळाशेजारी राहणाऱ्या कुटुंबासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

२०१६ मध्ये ईपीएने ७० नॅनोग्रॅमची सल्लावजा मर्यादा दिली होती. तळाबाहेरच्या एखाद्या घराच्या विहिरीत त्याहून जास्त पीफास आढळले, तर संरक्षण खाते बाटलीबंद पाणी, फिल्टर किंवा नळजोडणी देत असे. विहिरीत ६० नॅनोग्रॅम असतील तर ते घर यादीबाहेर राहत असे. पाणी तेच, रसायन तेच, पण त्या घराचा खर्च सरकारचा नव्हता.

२०२४ मध्ये मर्यादा ४ वर आल्यावर अशी असंख्य घरे हिशेबात आली. त्यामुळे संरक्षण खात्याने प्राधान्यक्रम लावला. नव्या मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे १२ नॅनोग्रॅम किंवा अधिक प्रमाण असलेल्या खासगी विहिरींना आधी हात घालायचा, बाकीच्यांनी थांबायचे.

मे २०२५ मध्ये ईपीएने पीएफओए आणि पीएफओएसची मर्यादा कायम ठेवत पाणीपुरवठा संस्थांना ती गाठण्याची मुदत २०२९ वरून २०३१ पर्यंत नेण्याचा आणि इतर काही पीफासवरील मर्यादा मागे घेण्याचा मानस जाहीर केला. पाणी किती स्वच्छ हवे हे विज्ञान सांगते. पण कुणाचे पाणी सरकारी खर्चाने स्वच्छ होणार, हे अशा तारखांवर आणि आकड्यांवर ठरते.

कंपन्यांचे पैसे पुरतील का?

फोमविषयक हजारो दावे दक्षिण कॅरोलायनातील एकाच न्यायालयात एकत्र चालवले जात आहेत. त्यातून मोठ्या तडजोडी झाल्या. सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांना थ्रीएम १०.३ ते १२.५ अब्ज डॉलर देणार आहे. ही रक्कम २०३६ पर्यंत हप्त्यांनी मिळेल. ड्युपॉन्ट, केमूर्स आणि कॉर्टेव्हा यांनी मिळून १.१८५ अब्ज, टायकोने ७५ कोटी आणि बीएएसएफने ३१.६५ कोटी डॉलर मान्य केले.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण ते देशभरातील हजारो पाणीपुरवठा संस्थांत वाटले जाणार आहेत. ज्यांच्या घरी खासगी विहीर आहे, त्यांचा या तडजोडींत थेट वाटा नाही. शिवाय हा पैसा पाण्यासाठी आहे. तळाखालची माती आणि भूजलाचा पट्टा साफ करण्याचा खर्च वेगळाच उरतो.

ऑस्ट्रेलियात काय झाले?

इथे चित्र अधिक थेट आहे, कारण नागरिकांनी सरकारलाच न्यायालयात खेचले. न्यू साउथ वेल्समधील विल्यमटाउन येथे हवाई दलाचा तळ आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये परिसरातील रहिवाशांना सांगण्यात आले, की बोअरचे पाणी पिऊ नका, घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका आणि आसपास पकडलेली मासळी टाळा. एका रात्रीत घरांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले. बँकेचे हप्ते मात्र चालूच होते.

विल्यमटाउन, क्वीन्सलँडमधील ओकी आणि नॉर्दर्न टेरिटरीतील कॅथरिन येथील रहिवाशांनी सामूहिक दावे केले. २०२० मध्ये केंद्र सरकारने २१.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड मान्य केली. त्यात कॅथरिनला ९.२५ कोटी, विल्यमटाउनला ८.६ कोटी आणि ओकीला ३.४ कोटी मिळाले. २०२३ मध्ये आणखी सात ठिकाणच्या सुमारे ३० हजार रहिवाशांसाठी १३.२७ कोटींची तडजोड झाली.

ही भरपाई होती मालमत्तेच्या घसरलेल्या किमतीची. आरोग्याच्या हानीची ती नव्हती. तिच्यातून जमीन साफ होत नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याला वेगळा खर्च करावा लागतो. एकाच फोमसाठी सरकारने तीनदा पैसे मोजले. आधी खरेदीला, मग भरपाईला आणि नंतर सफाईला.

स्वीडनमधील निकाल आणखी पुढचा आहे. रॉनेबी परिसरातील कालिंगे येथे हवाई तळावरच्या फोममुळे नळाचे पाणी दूषित झाले होते. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रक्तातील पीफासचे वाढलेले प्रमाण हीच शारीरिक इजा मानली. आजार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, असा त्याचा अर्थ. प्रतिवादी होती नगरपालिकेची पाणी कंपनी. म्हणजे इथेही भार सार्वजनिक संस्थेवरच आला.

पैसा नेमका कशावर जातो?

पाणी उकळून पीफास जात नाहीत. सध्या मुख्यतः सक्रिय कार्बन, आयन एक्स्चेंज राळ आणि आरओ पडदा हे तीन मार्ग वापरले जातात. तिन्ही मार्ग रसायन पकडतात, नष्ट करत नाहीत. भरलेला कार्बन बदलावा लागतो आणि त्याची विल्हेवाट हा पुढचा खर्च असतो. आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तर पीफास अधिक दाट होतात.

इथे निधीच्या रचनेतला एक दोष समोर येतो. अमेरिकेच्या राज्य पेयजल निधीतून प्रकल्प उभारायला पैसा मिळतो, तो चालवायला सहसा मिळत नाही. कार्बन बदलणे, वीज, नमुने तपासणी हा कायमचा खर्च पाणीपट्टीतून भागवावा लागतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. अनुदानातून उभी राहिलेली आणि वीजबिल थकल्याने बंद पडलेली पाणीयोजना आपल्या अनेक गावांनी पाहिली आहे.

पीफास खरोखर नष्ट करायचे तर कार्बन-फ्लोरिनचा बंध तोडावा लागतो. त्यासाठीच्या एका पद्धतीत पाणी ३७४ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे २१८ पटींहून अधिक दाबाखाली नेले जाते. त्या अवस्थेत ऑक्सिजनच्या साह्याने पीफासचे रेणू फुटतात. पिंपातल्या दाट फोमसाठी हे परवडण्याजोगे आहे. संपूर्ण भूजलासाठी ते शक्य नाही.

मग सर्वांत स्वस्त टप्पा कोणता?

फोम पिंपात असतानाचा. अमेरिकेच्या मेन राज्यातील घटना त्याची साक्ष देते. ब्रन्सविकचा नौदल हवाई तळ २०११ मध्ये बंद झाला आणि जागा नागरी वापरासाठी हस्तांतरित झाली. एका हँगरमधील जुनी फोम यंत्रणा मात्र तशीच राहिली. १९ ऑगस्ट २०२४ रोजी ती आपोआप सुरू झाली. सुमारे १,४५० गॅलन फोम द्रावण ५० हजार गॅलन पाण्यात मिसळून बाहेर पडले. म्हणजे साडेपाच हजार लिटर फोम आणि जवळपास एक लाख ९० हजार लिटर पाणी. आग लागलीच नव्हती.

ते द्रावण आधीच काढून नष्ट केले असते तर खर्च काही टाक्यांपुरता राहिला असता. आता तपासण्या, गाळप, आसपासच्या विहिरी आणि जलप्रवाहांवर लक्ष ठेवणे हे सगळे मागे लागले.

म्हणूनच न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी स्थानिक अग्निशमन दलांकडचा जुना फोम सरकारी खर्चाने गोळा करून नष्ट करण्याची मोहीम घेतली. लहान गावातल्या दलाला विल्हेवाटीचा खर्च झेपत नाही. त्यामुळे पिंपे शेडमध्ये पडून राहतात, गंजतात आणि कधी तरी गळतात. २०२४ च्या विमान वाहतूक कायद्यात नागरी विमानतळांना फोम बदलण्यासाठी ३५ कोटी डॉलरच्या कार्यक्रमाची तरतूद आहे.

फ्लोरिन नसलेला फोम आज बाजारात आहे. अमेरिकी लष्कराने त्याचे मानक जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. बदल सोपा नाही. नवा फोम जुन्यासारखा पापुद्रा धरत नाही, तो मारण्याची पद्धत वेगळी आहे, जवानांना नव्याने प्रशिक्षण द्यावे लागते आणि गाडीच्या टाक्या वारंवार धुऊन घ्याव्या लागतात. त्या धुण्याच्या पाण्यातही पीफास असतात. जुना फोम बंद करण्यासाठी संसदेने अमेरिकी सैन्याला ऑक्टोबर २०२४ ची मुदत दिली होती. ती पाळता आली नाही आणि कायद्यातील वाढीव मुदतीचा आधार घ्यावा लागला.

भारतात काय स्थिती आहे?

विमानतळ, तेल डेपो, शुद्धीकरण कारखाने आणि बंदरे आपल्याकडेही आहेत आणि तिथे फोम लागतोच. पेट्रोलियम साठ्यांसाठीच्या ‘ओआयएसडी-११७’ या मानकात फोम यंत्रणेची तरतूद आहे. मुंबईतील माहुल, उरण, जेएनपीए, शहरांचे विमानतळ किंवा रासायनिक वसाहती, आग तेलाची असेल तर तिथे फोम टेंडर धावणारच.

नियमांच्या बाजूला मात्र पोकळी आहे. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक ‘आयएस १०५००’ यात पीफासची मर्यादा नाही. स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्ये, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये समाविष्ट झाले. भारताने २०१८ च्या नियमांनुसार करारातील सात रसायनांवर बंदी घातली आणि २०२० मध्ये त्यांना औपचारिक मान्यता दिली. त्या सातांत पीएफओएस नाही. मर्यादा नसली की तपासणी होत नाही आणि तपासणी नसली की प्रदूषण कागदावर येत नाही. मग निधीचा प्रश्नच उद्भवत नाही.

एक पाऊल मात्र पडले आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. स्थळ कसे ओळखायचे, तपास कसा करायचा आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्च कसा वसूल करायचा, याची चौकट त्यात आहे. जबाबदार सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर भार केंद्र आणि राज्य सरकारांवर येतो. त्या वेळी देशात १०३ दूषित स्थळे ओळखली गेली होती आणि प्रत्यक्ष सफाईचे काम त्यापैकी सातच ठिकाणी सुरू झाले होते.

उशिरा आलेला निधी काय करू शकतो आणि काय नाही, हे भोपाळने दाखवले आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून असलेला सुमारे ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवण्यात आला आणि त्यानंतर जाळण्यात आला. त्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. चाळीस वर्षांनंतर वर ठेवलेला कचरा गेला. जमिनीत आणि पाण्यात उतरलेल्या विषाचा प्रश्न त्यात सुटला नाही.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

पीफासचा थेट धागा कोकणापर्यंत येतो. इटलीतील व्हिचेंझा प्रांतात मिटेनी नावाचा कारखाना पीफास बनवत असे. त्याच्या प्रदूषणाचा फटका सुमारे साडेतीन लाख लोकांच्या परिसराला बसला. तिथे पाण्याचे फिल्टर आणि नव्या जलवाहिन्यांवर सरकारी पैसा खर्च झाला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले, त्यांच्या शिक्षेची बेरीज १४१ वर्षे होते. दरम्यान २०१९ मध्ये या कारखान्याची यंत्रसामग्री महाराष्ट्रातील एका कंपनीने लिलावात घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणण्यात आली.

यंत्रे आली म्हणून प्रदूषण झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. पण दिवाळखोर कंपनीकडून सफाईचा खर्च वसूल करणे किती अवघड असते, हा व्हिचेंझाचा धडा लोटेसाठी कामाचा आहे. उत्पादन सुरू असताना आसपासच्या विहिरी आणि वाशिष्ठीच्या पाण्याचे नमुने तपासून ठेवले, तर पुढे कुणाला काही सिद्ध करायचे असेल तेव्हा हातात आधारभूत आकडे असतील. क्लोव्हिस किंवा विल्यमटाउनच्या रहिवाशांकडे ते नव्हते.

आता काय करता येईल?

तज्ज्ञ समिती किंवा मोठ्या निधीची वाट न पाहता करण्याजोगी कामे तीन आहेत. पहिले, राज्यातील प्रत्येक अग्निशमन दल, विमानतळ आणि तेल डेपोकडे कोणता फोम किती लिटर आहे आणि तो केव्हा खरेदी केला, याची यादी. दुसरे, सरावासाठी फ्लोरिनयुक्त फोम वापरणे थांबवणे. अनेक देशांत सर्वाधिक प्रदूषण प्रत्यक्ष आगींपेक्षा सरावाच्या मैदानांवरून झाले, आणि सरावासाठी पीफास नसलेला फोम वापरता येतो. तिसरे, जुन्या सराव मैदानांच्या आसपासच्या विहिरींची एकदा तपासणी.

फोमला टिकण्याची मुदत असते आणि ती संपली की नवी खरेदी होते. महापालिका आणि सार्वजनिक कंपन्या त्यासाठी निविदा काढतात. त्या निविदेत ‘फ्लोरिनमुक्त’ ही अट घालणे आणि जुना फोम परत घेऊन शास्त्रीय पद्धतीने नष्ट करण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकणे, हे दोन्ही आजच्या नियमांत बसते. त्यामुळे खरेदी थोडी महाग होईल. तो वाढीव खर्च कुठल्याही अंदाजपत्रकात मोजता येण्याजोगा आहे. अमेरिकी संरक्षण खात्याला तीन वर्षांत तिप्पट करावा लागलेला आकडा तसा नव्हता.